गोकाकच्या गेंड्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याआधी

घटप्रभेच्या गाळात गेंड्याची हाडं सापडली होती, हे आपल्या सीमाभागात अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. गोकाकजवळ चिकदौलीला मिळालेल्या या हाडांचं वर्णन भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली छापलं आणि प्राण्याला नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. ज्यांना हे माहीत असतं ते मात्र लगेच म्हणतात, गेंडा होता म्हणजे तेव्हा इथं आसामसारखा पाऊस पडत असणार. मला हे अजिबात पटत नाही.

घटप्रभा उगम पावते सह्याद्रीत, धो धो पावसाच्या मुलखात. गोकाकला येईपर्यंत पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. नदी ओल्या मुलखाचं पाणी कोरड्या मुलखात घेऊन येते. गेंड्याला हवी लोळायला पाणथळ जागा, पोटभर गवत आणि थोडी सावली. एवढं नदीकाठच्या अरुंद पट्ट्यातही मिळतं, पलीकडे उघडं माळरान का असेना. उत्तर गुजरातेत लांघणजला दगडी सूक्ष्म हत्यारांबरोबर गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. तो काही पावसाळी मुलूख नव्हे.

नुसती प्राण्यांची यादी हे हवामानासाठी बोथट हत्यार आहे. कर्नूलजवळच्या बिल्लासुरगम गुहांवरचा २०१४ सालचा अभ्यास सांगतो की गेल्या दोन लाख वर्षांत हवामान इतकं हेलकावलं तरी तिथले बहुतेक सस्तन प्राणी टिकून राहिले. प्राणी सरकतात, नदीकाठ धरतात, दिवस काढतात. त्यामुळे प्राणी होता की नव्हता यापेक्षा तो काय खात-पीत होता, हे विचारावं.

त्याचं उत्तर दाताच्या इनॅमलमध्ये, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणात असतं. ज्वारी, मका, ऊस आणि उन्हाळी मुलखातली बहुतेक गवतं कार्बन एका पद्धतीने पकडतात; झाडं, झुडपं आणि भात दुसऱ्या. या दोन गटांतल्या जड कार्बनचं प्रमाण वेगळं, आणि तो फरक खाणाऱ्याच्या इनॅमलमध्ये उतरतो. हे प्रमाण एका ठरलेल्या मानकाशी ताडून सहस्रांशात मांडतात: झाडपाला खाणाऱ्याचा आकडा साधारण उणे आठ सहस्रांशाच्या खाली जातो, निव्वळ गवत खाणाऱ्याचा शून्याच्या आसपास येतो. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी जंगल हटून गवताळ मुलूख पसरला, हे मातीतल्या चुनखडीच्या खड्यांनी आणि अशाच दातांनी दाखवलं.

पण गेंड्याच्या बाबतीत एवढ्यावर थांबलात तर फसाल. आसामच्या ओल्या कुरणातलं कास गवत आणि आपल्या माळावरचं कुसळी गवत, दोन्ही एकाच गटातली. कार्बन दोघांना सारखंच मोजतो. तिथं प्यायलेल्या पाण्यातून इनॅमलमध्ये उतरणारा ऑक्सिजन लागतो. भर पावसाळ्यातल्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी, उन्हाळ्यात आटत चाललेल्या डोहात जास्त. दात महिनोन्महिने वाढतो, म्हणून उंचीच्या दिशेने दर दीड-दोन मिलिमीटरवर हिऱ्याच्या बारीक ड्रिलने आडवी रेघ मारून प्रत्येक रेघेची काही मिलिग्रॅम पूड घेतात. आकड्यांची लाट उठली तर ऋतू दिसतात, लाट मोठी असेल तर उन्हाळा कडक. पहिली दाढ शक्यतो टाळावी, तिच्यात आईच्या दुधाचा परिणाम असतो, तिसरी घ्यावी. इनॅमलच घ्यावं. हाड आणि दाताच्या आतला भाग सच्छिद्र असल्याने भूजलातला चुना शोषतो, आणि आपल्या चुनखडीच्या मातीत मग मोजमाप निघतं त्या चुन्याचं. म्हणून पूड आधी सौम्य ॲसेटिक ॲसिडने धुतात. आजच्या जनावरांशी तुलना करताना दीड-दोन सहस्रांशांची दुरुस्तीही करावी लागते, कारण कोळसा आणि तेल जाळून आपण हवेतलाच कार्बन हलका केला आहे.

आणि यातलं काहीही थर माहीत असल्याशिवाय उपयोगाचं नाही. नदी जुना काठ कापते आणि त्यातली हाडं नव्या वाळूत आणून टाकते. कडा गोटीसारख्या गुळगुळीत असतील तर हाड वाहून आलंय असं धरावं. दाढा जबड्यात घट्ट असतील तर प्राणी जवळच मेला असण्याची शक्यता जास्त.

आज काठावर जॅकवेल खोदताना, वाळू काढताना, जेसीबी लावून रान सपाट करताना असे थर रोज उघडे पडतात आणि संध्याकाळपर्यंत बुजतात. फूट यांच्यानंतर दीडशे वर्षांनीही आपण हे वाया जाऊ देतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. हाड दिसलं तर ओढून काढू नका. पट्टी किंवा पेन शेजारी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवर लोकेशन टिपा, वरून किती फूट खाली आणि कुठल्या थरात, काळी माती, पिवळा गाळ की घट्ट गोट्यांचा थर, ते लिहा. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा धारवाडच्या विद्यापीठातल्या भूविज्ञान विभागाला कळवा. मधल्या काळात ते उन्हात वाळवू नका, तडे जातात. फेव्हिकॉल किंवा व्हार्निश तर नकोच, पुढची रासायनिक तपासणी बिघडते.

त्याच थरातली एक पोतं मातीही ठेवा. उंदरासारखा प्राणी फार लांब भटकत नाही, त्यामुळे त्याचा दात त्या जागेची साक्ष गेंड्यापेक्षा नेमकी देतो, पण तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. माती पूर्ण सुकवून मगच पाण्यात भिजत घाला, ओली चिकणमाती सुटत नाही. फुगून विरघळली की अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून हलक्या हाताने धुवा, चाळणीत राहिलेला गाळ सावलीत वाळवा आणि भिंगाखाली वेचा.