एमएस-सीआयटीने टायपिंग माफ होत नाही

‘एमएस-सीआयटी झालं की टायपिंगची परीक्षा माफ’ असा मेसेज पुण्यातल्या कारकून मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. तसं काही नाही. एमएस-सीआयटी हा एमकेसीएलचा, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा, संगणक साक्षरतेचा कोर्स. टायपिंगच्या वेगाचं प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही. ते मिळतं जीसीसी-टीबीसी, म्हणजे संगणकावरच्या टायपिंगच्या सरकारी परीक्षेतून. ती घेते राज्य परीक्षा परिषद, तीही आपल्या पुण्यातलीच. शासनात लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतंच. गोंधळ का होतो? पेठांतले क्लास दोन्ही कोर्स एकाच पाटीवर रंगवतात, आणि पाटी पूर्ण वाचायला कुणाला वेळ आहे! प्रवेश घेताना पावतीवर कोर्सचं नाव बघा. खासगी कचेरीत अट वेगळी असू शकते. तिथली जाहिरातच वाचावी.