नॉर्वेच्या राजघराण्याला आयतं खाणारं म्हणणाऱ्या माझ्या दादासाठी

आज ऑस्लोच्या राजवाड्यासमोर चुलतभाऊ म्हणाला, "आयतं बसून खाणारं खानदान! लाज कशी वाटत नाही यांना?" तेही माझ्या मुलीसमोर. तिचा चेहरा खाडकन उतरला. १७ मेला, इथल्या संविधानदिनी, तिच्या शाळेची मिरवणूक याच बाल्कनीखालून गेली तेव्हा राजा हाराल्डने हॅट उचलून हात हलवला होता. तो आपल्यालाच, अशी तिची खात्री आहे. मिरवणुकीतल्या प्रत्येक पोराची असते. ऐंशी ओलांडलेला माणूस तासन्‌तास पोरांना हात करत उभा, आणि म्हणे आयतं!

दादा पाहुणा, म्हणून तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला गादी देऊ केली. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. कौल आला २,५९,५६३ विरुद्ध ६९,२६४. मगच तो, म्हणजे हाराल्डचा आजोबा, हाकून सातवा झाला. (बायकांना मत नव्हतं. हो, माहितेय.)

आणि एप्रिल १९४०! जर्मन घुसलेले, राजा आणि सरकार ऑस्लो सोडून न्यूबर्गसुंद नावाच्या गावात. हिटलरधार्जिण्या नॉर्वेजियन पुढारी क्विसलिंगला पंतप्रधान नेमा, हा जर्मन राजदूताचा हट्ट. हाकूनने मंत्र्यांना सांगितलं, निर्णय तुमचा, पण होकार देणार असाल तर मी गादी सोडतो. दुसऱ्याच दिवशी गावावर बॉम्ब पडले आणि राजा बर्फातल्या झाडांआड लपला. खुर्चीसाठी रातोरात पक्ष बदलणारे आपण रोज बघतो, आणि लाज यांनी बाळगायची?

असो. चहा घेऊन आले, जरा शांत झाले.

जन्मावरून पद मिळणं मलाही पटत नाही. राजावर खटला चालवता येत नाही, हेही नाही. आणि हाराल्डची मुलगी मार्था लुईस थोरली असून गादी धाकट्या भावाकडे जाणार, कारण मुलगा असो वा मुलगी, थोरल्यालाच गादी देणारी १९९० ची घटनादुरुस्ती खऱ्या अर्थाने पुढच्या पिढीपासूनच लागू. हाराल्डने हॅट उचलली त्याच दिवशी घरी येताना मुलीने विचारलं होतं, "मग ताईला का नाही?" आइस्क्रीमवर वेळ मारून नेली.

पण १९७३ च्या तेलटंचाईत शनिवार-रविवार खासगी गाड्या चालवायला बंदी होती, तेव्हा हाकूनचा मुलगा राजा उलाव स्की घेऊन हॉल्मेनकोलेन या ऑस्लोच्या टेकडीकडे जाणाऱ्या ट्राममध्ये बसला. तिकिटासाठी पैसे पुढे करतानाचा त्याचा फोटो आहे. दादाला दाखवला तर म्हणतो, स्टंट! असेल. गावाकडच्या साहेबांनी करावा एकदा एसटीत.

त्याच साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो यावा म्हणून दादा दरवर्षी पैसे भरतो. यंदा साहेबांचा मुलगा उभा राहतोय. प्रचाराला वेळेवर पोचायचं म्हणून दादाने परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलंय.