बॅकवॉटरचा व्ह्यू

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवरून जुंपली. धाकट्या आतेभावाचं म्हणणं, काठाला रिसॉर्ट झाले, बोटी फिरल्या तर बिघडलं काय, गिरणारे-गंगावऱ्ह्याच्या पोरांना कामं मिळतील. मी इकडे कॅनडातून, टोरांटोहून लिहिलं, अरे, अख्ख्या नाशिकचं पिण्याचं पाणी आहे ते. त्यावर त्याचं उत्तर: ''दादा, तुम्ही तिकडे तळ्याकाठी लोळायचं आणि आम्ही बोटीत बसलो की तुम्हाला पक्षी आठवतात.''

लागलं मला ते. गंगापूरचे दरवाजे उघडले की शाळा बुडवून गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं का हे बघायला धावणारा मी. आता हा मला नदी शिकवणार!

रविवारी लेस्ली स्ट्रीट स्पिटवर सायकल मारतानाही मनात त्याच्याशी भांडणच चालू. टोरांटोत पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ऑन्टारियो तळ्यात टाकून बंदरासाठी केलेला हा पाच किलोमीटरचा भराव. बंदराची गरज उरली नाही, तशी झाडं आपसूक उगवली आणि पाणकावळ्यांनी तिथं मोठी वसाहत थाटली. कुत्रा न्यायचा नाही, गाडी न्यायची नाही, आणि कुणाची कुरकुर नाही. आपलं नांदूरमधमेश्वर याच जातीचं. बंधाऱ्यामागे गोदावरी-कादवेचा गाळ साचत गेला, दलदल झाली, पक्षी आले आणि २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. ना आराखडा, ना उद्घाटन. माणसानं जरा हात आखडता घेतला, एवढंच. (हे मी ग्रुपवर फोटोंसकट टाकलं. दोन अंगठे आले, दोन्ही आत्याचे.)

मग मी टोरांटोची डॉन नदी काढली. शंभर वर्षांपूर्वी इथल्यांनी तिचं मुख काटकोनात वळवून कालव्यात कोंबलं आणि मुखाजवळची प्रचंड दलदल कारखान्यांसाठी बुजवली. तिला नवं, वळणावळणाचं पात्र खोदून द्यायला २०१७ साली तीन सरकारांनी मिळून सव्वा अब्ज डॉलर मंजूर केले. २०२४ मध्ये नदी त्या पात्रातून वाहू लागली. आधी बुजवायचं आणि मग खोदायचं, यात केवढा पैसा जातो बघ, असं मी लिहिलं. गोदेच्या कुंडांतलं काँक्रीट काढायचं की ठेवायचं यावर आपण किती वर्षं घालवली, हेही ऐकवलं.

एक मात्र लिहिलं नाही. त्याच २०२४ साली, त्याच तळ्याच्या काठी, ऑन्टारियो प्लेस या सरकारी जागेतली शेकडो झाडं रातोरात तोडली गेली. कशासाठी, तर एका खासगी स्पासाठी. जोरदार पाऊस झाला की गटाराचं पाणी तळ्यात येतं आणि दोन दिवस आम्ही पोहत नाही, तेही मी गाळलं. भावाला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून मी जिंकलो.

त्याला ठाऊक असलेली गोष्ट वेगळीच आहे. गंगावऱ्ह्याच्या वरच्या अंगाला माझा एक एनए प्लॉट आहे. दलालानं ''बॅकवॉटर व्ह्यू'' म्हणून गळ्यात मारलेला. म्हातारपणी परत येईन तेव्हा एक छोटं घर बांधीन म्हणून घेतला. परत येणार का, हे बायको आता विचारत नाही. प्लॉटला तारेचं कुंपण यानंच उभं राहून घालून घेतलं, कर हाच भरतो. एवढ्या भांडणात त्यानं ग्रुपवर ते काढलं नाही.

काल त्यानं एकट्या मला फोटो पाठवला. पाणी आटलंय, कुंपणापलीकडे ओल्या गाळात पाच-सहा बगळे. खाली एवढंच, ''दादा, गिऱ्हाईक आलंय. रिसॉर्टवाला आहे. काय सांगू?''

दोन निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. उत्तर अजून दिलेलं नाही.