पाँ-सँतेस्प्रीच्या बेकरने गाव विकलं नव्हतं

मंगळवारी रात्री साडेनऊला शिरूरहून आत्याचा फोन आला. एरवी ती आठला झोपते. "तू शेतकीचं शिकलीस ना, मग खरं सांग. पावात कायतरी मिसळतात का? फ्रान्समध्ये आख्खं गाव येडं झालं म्हणं." पाठोपाठ मेसेजही आला. नात्यातल्याच एका पाहुण्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला. असाच मेसेज मला याआधी तीन जणांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला होता. या वेळी सोडणार नाही, कारण आत्याच्या गावात नाक्यावर एक बेकरी आहे. ती चालवणारा मुलगा परगावचा आहे, आणि आत्याच्या शेजारणीने परवा त्याला भर दुकानात विचारलं, "तू पीठ कुणाकडून घेतोस रे?"

मेसेजमध्ये असं आहे. १९५१ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने एलएसडी हे नशेचं रसायन पावात घालून एका रात्रीत पाच हजार लोकांना वेडं केलं. पाचशे मेले. आधी विमानातून फवारणी केली, ती फसली, म्हणून गावच्या बेकरला पैसे चारले आणि त्याने गाव विकलं. डॉक्टरांना कारणच सापडलं नाही. साठ वर्षांनी बीबीसीने सगळं सिद्ध केलं आणि अमेरिकेने कबुली दिली. ते गाव आता नकाशावरून पुसलंय. शेवटी ठळक अक्षरांत: बाहेरचा पाव खाण्याआधी शंभरदा विचार करा.

नकाशाचं आधी उरकते. गावाचं नाव पाँ-सँतेस्प्री, आणि ते जागच्या जागी आहे. दक्षिण फ्रान्समध्ये गार्द जिल्ह्यात, ऱ्होन नदीच्या पश्चिम काठावर. आर्देश नदी ऱ्होनला मिळते ती याच गावाच्या थोडं वर. चहूकडे द्राक्षमळे, आणि शनिवारचा आठवडी बाजार. गावाचं मूळ नाव वेगळं होतं, सँ-सातुर्नँ-द्यु-पोर. १२६५ साली तिथे ऱ्होनवर दगडी पूल बांधायला घेतला, तो १३०९ला पुरा झाला, आणि पुलानेच गावाला नवं नाव दिलं: पवित्र आत्म्याचा पूल. लोक अशी गोष्ट सांगतात की कामावर बारा गवंडी असायचे, पण दिवसभर मोजले तर तेरा भरायचे. संध्याकाळी मजुरी वाटताना तेरावा गायब. तो माणूस नव्हताच, पवित्र आत्मा होता. इतक्या वेगाच्या नदीवर इतका लांब पूल माणसांनी उभा केला यावर त्या काळी विश्वास बसत नसेल, तर ते मला समजतं. १९४४च्या बॉम्बफेकीत या पुलाच्या कमानी पडल्या. म्हणजे ज्या गावाची ही गोष्ट आहे ते सात वर्षांपूर्वी युद्धातून बाहेर आलेलं, नदीकाठचं, कष्टकऱ्यांचं गाव होतं. मेसेजमध्ये यातलं काही नाही. तिथे फक्त 'एक खेडं' आहे.

आकडेही खोटे आहेत. गावाची वस्तीच तेव्हा चार-साडेचार हजारांची होती, पाच हजार वेडे कुठून आणले? आजारी पडलेले साधारण अडीचशे ते तीनशे. वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागलेले पन्नासच्या आसपास. मृत्यू कुणी चार मोजतात, कुणी पाच, कुणी सात, कारण आधीच थकलेल्या म्हाताऱ्या माणसांचा मृत्यू कशात धरायचा यावर वाद आहे. सात माणसं कमी नसतात. त्यांचे पाचशे करायची गरज कुणाला का वाटावी?

'एका रात्रीत' आणि 'डॉक्टरांना कारण सापडलं नाही', या दोन्हींना एकच उत्तर पुरतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या १५ सप्टेंबर १९५१च्या अंकात गाब्बाई, लिस्बोन आणि पुर्किए या तीन डॉक्टरांचा लेख आहे. गाब्बाई त्या रुग्णांना स्वतः तपासत होते. घटनेला महिनाही झाला नव्हता, आणि सीआयए हा शब्द या प्रकरणात यायला अजून अर्धं शतक होतं. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी निदान दिलंय: अरगटची, म्हणजे धान्यावर येणाऱ्या एका बुरशीची विषबाधा. कारण सापडलं नाही म्हणणाऱ्याने हा मथळासुद्धा वाचलेला नाही.

लक्षणांचा त्यांनी दिलेला क्रम बघा. पाव खाल्ल्यावर सहा ते अठ्ठेचाळीस तास काहीच नाही. मग जीव घाबरा, मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब. हातपाय गार, नाडी मंद, घाम. मग झोप उडते, एक रात्र नाही, लागोपाठ कित्येक रात्री. यातल्या थोड्या लोकांना पुढे भ्रम झाले, संध्याकाळ झाली की जनावरं आणि आगीच्या ज्वाळा दिसायला लागल्या. पहिले रुग्ण दवाखान्यात आले १६ ऑगस्टच्या सुमारास. सगळ्यात भयंकर रात्र, जिच्यावर मेसेजवाले जगतात, ती २४ ऑगस्टची. मध्ये आठ दिवस गेले.

आता एलएसडी काय करतं ते बघू. ते बनवणारा स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बेर्ट हॉफमान याने १९ एप्रिल १९४३ला ते स्वतःवर तपासलं, मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा घेऊन. चाळीस मिनिटांत त्याला गरगरायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो बरा होता. एलएसडी आठ दिवस थांबून कुणाला गाठत नाही. त्याने गावभर जुलाब होत नाहीत. शिवाय ते उष्णतेने मोडतं, आणि पाव भट्टीतून निघतो. फ्रान्समधल्या पावाच्या इतिहासावर आयुष्यभर काम केलेले स्टीव्हन कॅप्लन यांनी या प्रकरणावर हजार पानांहून मोठं पुस्तक लिहिलंय. त्यांनीही एलएसडीवर हेच आक्षेप घेतले: वेळ जुळत नाही, पोटाची लक्षणं जुळत नाहीत.

विमानातून फवारणीवर मी एकच विचारते. हवेतून फवारलं तर मुख्यतः एकाच बेकरीचं गिऱ्हाईक कसं आजारी पडलं?

अरगटबद्दल आत्याला समजावणं सगळ्यात सोपं गेलं, कारण तिने ते माझ्याहून जास्त पाहिलंय. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आणि रिमझिम लागली की कणसातून मधासारखा चिकट, गुलाबीसर द्रव गळतो, बोटाला लागला तर धुतल्याशिवाय जात नाही. पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. लहानपणी पेरणीआधी आत्याच्या पडवीत मी हे काम केलंय. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतून ढवळायचं. बुरशीच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते गाळणीने काढून पुरून टाकायचे. खाली बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. मीठ राहिलं तर उगवण बसते म्हणून आत्या मला तिसऱ्यांदा धुवायला लावायची.

राय नावाच्या धान्यावर युरोपात याच कुळातली बुरशी येते. तिची गाठ लांबट, काळी, वाकडी, कोंबड्याच्या पायामागच्या काट्यासारखी. फ्रेंचमध्ये त्या काट्यालाच अरगो म्हणतात. आपल्याकडे शेतकरी अरगट म्हणतो तो शब्द तिथूनच आला. आपल्या बाजरीवरची जात वेगळी, तिचं विषही वेगळं. तिने चक्कर आणि उलट्या होतात. रायवरची जास्त घातक. रक्तवाहिन्या आवळून हातपाय झडवणारी, आग आग करणारी. मध्ययुगात युरोपात या रोगाला संत अँथनीची आग म्हणायचे, आणि या रोग्यांची सेवा करणारा एक संघच अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दोफिने प्रांतात उभा राहिला होता. म्हणजे पाव खाऊन गाव आजारी पडणं ही १९५१ची नवलाई नव्हती. हॉफमानने एलएसडी बनवलं तेही याच अरगटमधल्या रसायनापासून. दोन्हींचं नातं एवढंच, आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्या नात्यातून अख्खं कारस्थान उभं केलं.

आता जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं, मनात नसलं तरी. अरगटचं निदान सगळ्यांना पटलेलं नाही. कोर्टात पाऱ्याच्या बुरशीनाशकाचा मुद्दा आला, कॅप्लन पीठ पांढरं करणाऱ्या रसायनाकडेही बोट दाखवतात, आणि वाद मिटलेला नाही. सीआयएचंही सगळं खोटं नाही. माणसाचं मन ताब्यात घेण्याचे प्रयोग त्यांनी १९५०पासून केले. नकळत एलएसडी पाजलंही. फ्रँक ओल्सन हा त्यांच्यासाठी काम करणारा शास्त्रज्ञ नोव्हेंबर १९५३मध्ये असं पेय प्याला आणि काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. एमके-अल्ट्रा या त्यांच्या अशा प्रयोगांच्या कार्यक्रमाचे बहुतेक कागद १९७३मध्ये संस्थेच्या प्रमुखाच्या हुकमाने नष्ट केले गेले. जी संस्था असं वागते तिच्यावर लोकांनी संशय घेतला तर चूक लोकांची नाही. पण एमके-अल्ट्राला मंजुरी मिळाली एप्रिल १९५३मध्ये, पाँ-सँतेस्प्रीनंतर वीस महिन्यांनी. आणि पाँ-सँतेस्प्रीचा पुरावा म्हणून जे पुढे येतं, ते २००९च्या एका अमेरिकन पुस्तकातलं आहे: एका गुप्तहेराच्या बोलण्याची टिपण आणि गावाचं नाव असलेला एक कागद. पाव कुणी, कुठे, कधी दूषित केला याची त्यात एक ओळ नाही.

बीबीसीने सिद्ध केलं म्हणतात ती २०१०ची बातमी. तिच्या मथळ्यातच प्रश्नचिन्ह आहे, आणि आत त्या पुस्तकाचा दावा जसा आहे तसा त्यावरचा आक्षेपही आहे. कबुली कोणत्याही सरकारने दिलेली नाही. पुढे बोलायला काही नाही.

राहिला बेकर. मला खरा राग या ओळीचा आलाय.

१९५१च्या फ्रान्समध्ये छोट्या गावचा बेकर पीठ निवडत नव्हता. युद्धानंतर पावाचं रेशनिंग १९४९ला उठलं, पण धान्य आणि पीठ कुठून कुठे जायचं हे अजून सरकारी व्यवस्था ठरवत होती. गार्दमध्ये गहू पुरत नव्हता, म्हणून तिथलं पीठ लांबच्या पोआतू भागातून यायचं. कोणत्या गिरणीचं आलंय हे बेकरला माहीत नसायचं, आणि आवडलं नाही तर परत पाठवायची सोयही नव्हती. त्या उन्हाळ्यात त्या भागातले बेकर तक्रार करत होते की पीठ करडं आहे, कणीक हाताला चिकटते. तक्रार करून तेच पीठ मळायचं, कारण सकाळी दारात माणसं उभी. रेशनला आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, निवडून, चाळून, नाक मुरडत पोरांना घालणाऱ्या आपल्याकडच्या बाया ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे जास्त सांगावं लागणार नाही.

पोलिसांनीही माग काढला तो पिठाच्या पोत्यांचा. अटक झाली ती शेकडो किलोमीटर लांबच्या एका गिरणीवाल्याला, गव्हात खराब राय मिसळल्याच्या संशयावरून. वर्षानुवर्षं चौकशी आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. अरगट असो, पारा असो, पीठ पांढरं करायचं रसायन असो, यातला प्रत्येक धागा पिठाकडे जातो, त्याच्यामागच्या गिरणीकडे, साठवणीकडे, तपासणी न करणाऱ्या यंत्रणेकडे. भट्टीपाशी पहाटे उठून कणीक मळणाऱ्या माणसाने पैसे घेऊन शेजाऱ्यांना विष घातलं असं कुठल्याही कागदात नाही. ही ओळ कुणीतरी मोबाइलवर बसून लिहिली. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या बेकरला तिने आता काही होणार नाही, पण शिरूरकडच्या नाक्यावरच्या पोराला झालंय. आत्या सांगत होती, त्याच्याकडे निम्मे पाव उरले.

आत्याला मी फोनवरच म्हटलं, उद्या सकाळी तू स्वतः जा आणि दोन लाद्या घेऊन ये, शेजारणीला दिसेल अशा. ती गेली. ज्या पाहुण्यांनी मेसेज टाकला त्यांनाही हे सगळं पाठवलंय. मामा, बाकी काही काढू नका म्हणत असाल तर नका काढू. बेकरने गाव विकलं ही ओळ मात्र आजच काढा, आणि काढली असं ग्रुपवर लिहा.