गावात प्रेक्षक आहे, चुकतंय ते अनुदानाचं वेळापत्रक

कलेच्या सरकारी अनुदानाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: 'तालुक्याच्या गावात नाटकाला प्रेक्षक नाही. पैसा पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या संस्थांना द्या, त्या दौरे काढतील. गावाला फार तर एक नाट्यगृह बांधून द्या. स्थानिक मंडळं, ग्रामपंचायत, देवस्थान यांची मोट बांधायला गेलात तर सगळे पैसे भांडणात जातील.' शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून त्याला खाली जास्त जागा दिली आहे. आधीची तीन वाक्यं मात्र चूक आहेत.

'प्रेक्षक नाही'

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांचं ठाणं. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत हंगाम सुरू होतो. गावातलं मंडळ कंपनीशी तारीख ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. प्रयोग मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवसाला जोडलेला असतो, कारण त्या दिवशी लेकी-जावई आणि पाहुणे गावात आलेले असतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या पेडण्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो, त्याला देवस्थान आणि गाव मिळून बळ देतात. तिन्ही ठिकाणी प्रेक्षक आहे, पैसे देणारा यजमान आहे आणि तारखाही ठरलेल्या आहेत.

अडचण सरकारी पैशाच्या बाजूने येते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मंजुरीला उशीर झाला की पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडतो आणि महिन्याभरात खर्च दाखवावा लागतो. तोवर झाडीपट्टीचा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि जत्रांचा भर अजून यायचा असतो. मग भर उन्हात, परीक्षांच्या दिवसांत, रिकाम्या सभागृहात 'महोत्सव' होतो. त्याचे फोटो अहवालाला जोडले जातात आणि 'इथे प्रेक्षक नाही' हा निष्कर्ष कायमचा चिकटतो. त्या तारखेला त्या गावात कोणताही कार्यक्रम ठेवला असता तरी तेच झालं असतं.

'मोठ्या संस्था दौरे काढतील'

हिशोब मांडून पाहू. मुंबईहून गडचिरोली साधारण नऊशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आलं, पण पुढचे पावणेदोनशे किलोमीटर उरतातच. नाटकाला एक बस, नेपथ्याचा एक टेम्पो आणि कलाकार-तंत्रज्ञ मिळून वीसेक माणसं लागतात. जायला एक दिवस, प्रयोगाचा एक, परतीचा एक. अडीच तासांच्या प्रयोगासाठी वीस माणसांचे तीन दिवस, म्हणजे साठ मनुष्यदिवस. खर्चातला मोठा भाग डिझेल, भत्ते आणि मुक्कामात जातो. चौथ्या दिवशी गावात काय उरतं? प्रकाशयोजना शिकलेला एकही मुलगा उरत नाही, पुढची तारीखही ठरलेली नसते. दौरे जरूर व्हावेत, पण गावाने बोलावल्यावर आणि गावाच्या तारखेला.

'नाट्यगृह बांधून द्या'

इमारतीसाठी पैसे मिळवणं तुलनेने सोपं आहे. केंद्राच्या टागोर सांस्कृतिक संकुल योजनेत ईशान्य भारत वगळता ६० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र देतं, बाकीचा आपण उभा करायचा. खरा प्रश्न उद्घाटनानंतर सुरू होतो.

रंगमंचाचंच उदाहरण घ्या. एक हजार वॅटचे चाळीस दिवे लावले की ४० किलोवॅट भार होतो. तीन फेजवर सारखा वाटला तरी प्रत्येक फेजवर ५८ अँपिअरच्या आसपास. वीजजोडणी मागताना हा आकडा धरलेलाच नसेल, तर पहिल्याच अंकात एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडतो. ध्वनियंत्रणा आणि डिमर एकाच फेजवर घेतले की दिवा मंद करताना स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. टेम्पोतला फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) आत जाईल एवढं मागचं दार नसेल, तर नेपथ्य प्रेक्षागृहातून न्यावं लागतं. या तिन्ही चुका नकाशावर काही हजारांत सुटतात, बांधकाम झाल्यावर लाखांतही धड सुटत नाहीत. नकाशा मंजूर होण्याआधी एका प्रकाशयोजनाकाराला आणि एका नेपथ्य लावणाऱ्याला दाखवला, तर हे टळतं. पण अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी ओळच नसते.

शिवाय इमारतीला तंत्रज्ञाचा पगार, वीजबिल आणि दुरुस्ती दरवर्षी लागते. त्याची तरतूद नसली की सभागृह लग्नांना आणि सभांना जातं, नाटकाला भाडं परवडत नाही.

'भागीदारी म्हणजे भांडण'

भांडणं होतात. पण ती ठरावीक जागी होतात, आणि त्या जागा आधीच बांधून घेता येतात.

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे कलेचं सरकारी अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने २०१२-१३ च्या सुमाराला 'क्रिएटिव्ह पीपल अँड प्लेसेस' ही योजना सुरू केली. कलेत लोकांचा सहभाग सर्वांत कमी असलेले भाग पाहणीच्या आकड्यांवरून निवडले आणि अट घातली की अर्ज एकट्या संस्थेने करायचा नाही, स्थानिकांच्या गटाने करायचा. लँकशायरमध्ये कालव्याच्या काठच्या कामाचं नेतृत्व कालवे सांभाळणाऱ्या ट्रस्टकडे आलं. सेंट हेलेन्समध्ये रग्बी क्लब भागीदार झाला. बार्किंग अँड डॅगनममध्ये कार्यक्रम निवडताना रहिवाशांना मत मिळालं. कालवा, क्लब, रहिवासी: लोक आधीच जिथे जमतात तिथूनच सुरुवात झाली.

उलट उदाहरणही तिथलंच. कॉव्हेंट्री शहराला २०२१ चा 'सिटी ऑफ कल्चर' हा मान मिळाला होता, आणि त्याचे कार्यक्रम राबवणारा ट्रस्ट फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे पुरत नाहीत म्हणून हात वर केले आणि पुढे कलासंस्थांच्या अनुदानावर कुऱ्हाड आली. सगळा भार एकाच खांबावर ठेवला की असं होतं. यावरून भागीदारीच नको असा निष्कर्ष निघत नाही. खांब एकापेक्षा जास्त हवेत, एवढंच यातून दिसतं.

आपल्याकडे पहिला अडथळा कागदाचा. बऱ्याच कंपन्या आणि फड मालकाच्या नावावर चालतात. अनुदानाला नोंदणीकृत संस्था, लेखापरीक्षित ताळेबंद आणि केंद्राच्या योजनेसाठी दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद लागते. म्हणून अग्रणी भागीदार तो, ज्याच्याकडे हे कागद तयार आहेत: एखादं वाचनालय, महाविद्यालय, नोंदणीकृत नाट्यमंडळ. त्याचं काम कागद आणि हिशोब सांभाळणं. नाटक कोणतं आणि कधी, हे गावाने ठरवायचं. या दोन गोष्टी एका हातात गेल्या की पहिली ठिणगी पडते.

करारात निदान एवढं असावं. या कामासाठी स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या, त्या दोन वेगळ्या संस्थांच्या. ग्रामपंचायतीचा सहभाग तोंडी घेऊ नये, मासिक सभेचा ठराव आणि त्याची प्रत घ्यावी, कारण निवडणूक झाली, सरपंच बदलले की तोंडी शब्दाला कोणी वाली राहत नाही. पत्रिकेवर आणि फलकावर नावांचा क्रम आधी लिहून ठेवावा. हे क्षुल्लक वाटतं, पण नाव खाली गेलं म्हणून मंडप द्यायला नकार येऊ शकतो. बिलं रोजच्या रोज एका फाइलीत लावावीत. अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा केंद्राचा नमुना, जीएफआर १२-अ, पहिल्या दिवशीच समोर ठेवला, तर कोणता खर्च कोणत्या शीर्षाखाली हे शेवटी शोधत बसावं लागत नाही.

आणि कलाकारांचे पैसे. बऱ्याच योजनांत आधी खर्च करा, मग प्रतिपूर्ती, असा क्रम असतो. फडमालक तो खर्च व्याजाने पैसे काढून करतो आणि अनुदानाआधी सावकाराचं व्याज सुरू होतं. या धंद्यातली जुनी रीत याहून शहाणी आहे: तारीख ठरली की विसार, उरलेले प्रयोगाच्या दिवशी. अनुदानानेही तेच करावं. झाडीपट्टीसाठी पहिला हप्ता दिवाळीपूर्वी, तमाशासाठी राहुट्या लागण्याआधी, आणि शेवटचा छोटा हप्ता हिशोब सादर झाल्यावर अग्रणी संस्थेला. कलाकारांचे पैसे त्या शेवटच्या हप्त्यात कधीही अडकवू नयेत.