व्यवसाय कर : ३०० रुपये

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांचा जुना फोटो, खाली ओळ : 'तेव्हा जिम नव्हती, पण माणसं ठणठणीत होती.' त्याखाली अंगठ्यांची रांग. मी आईला दाखवला. चष्मा वर सरकवून तिनं पाहिलं आणि म्हणाली, "ठणठणीत? ह्यातल्या निम्म्या उपाशी असत्याल."

आई माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती, मस्टरवर, म्हणजे सरकारी दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर, मात्र अठरा. दिवस उगवायच्या आत खडीवर. बाप्यांनी घनानं दगड फोडायचा, बायकापोरींनी हातोडीनं त्याची खडी करायची. बोटं ठेचू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायच्या. कपची डोळ्यात गेली की पदरानं पुसायचं आणि पुढचा दगड घ्यायचा. मजुरी ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबानं. आठवडाभर रचलेला ढीग माप घ्यायच्या दिवशी हमखास कमी भरायचा. त्या मापाचा राग तिला अजून येतो, डोळ्यातल्या कपचीचा येत नाही. दुपारी सुकडी, म्हणजे कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ; घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, थापतानाच चिरणारी. 'त्या काळची माया काही वेगळीच' असं कुणी म्हणालं, की ती एवढंच विचारते, "मिलो खाल्लाय का?"

म्हणून मला कष्टांची ही आरती सोसत नाही. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ती तब्येत कमवायला आली नव्हती. पाझर तलाव, नालाबांध झाले हे खरं, पण आईनं फोडलेल्या खडीचे ढीग पुढं कित्येक वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते. त्यावर बाभळी उगवल्या.

आठवायचंच असेल तर वि. स. पाग्यांना आठवा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागणाऱ्याला सरकारनं ते दिलंच पाहिजे, हा आग्रह त्यांनी दुष्काळाच्या आधीपासून धरला होता. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ मध्ये लागू झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. उपकार नाही, हक्क. दिल्लीत असा कायदा व्हायला २००५ उजाडलं. (मस्टरवर खोटी नावं इथंही चढली, ते आईनंच सांगितलंय.)

आणि पैसा? त्यासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारातून तो दरमहा २०० रुपये जातो, फेब्रुवारीत ३००. 'हे शंभर जास्त का कापले?' असं दर फेब्रुवारीला ऑफिसात कुणीतरी अकाउंट्सवाल्याला विचारतंच. नोकरीची पहिली दहा वर्षं तो विचारणारा मी होतो. खडीवर वाढलेल्या बाईचा मुलगा, आणि हा कर कशासाठी लावला होता हे मला चाळिशीत कळलं.

ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. आईला मात्र पगाराची स्लिप दाखवली, सगळं समजावून सांगितलं. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आता ब्रासला काय भाव देत्यात रं?"