लिनक्स एकट्याने लिहिलं, म्हणे!

घरच्या ग्रुपवर परवा लिनक्सबद्दलचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलचा, फॉरवर्ड आलाच. ‘२१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने खोलीत बसून, कुणालाही एक प्रश्न न विचारता, एकट्याने लिनक्स लिहिलं. स्वतःचं नाव दिलं, पहिल्या दिवसापासून मुक्त केलं. तेव्हा नेटवर सगळे सभ्य होते, भांडणं नव्हती.’ खाली वहिनीचा टोमणा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या पुतण्याला: ‘बघ, नाहीतर तू! सारखं याला विचार, त्याला विचार.’ फॉरवर्ड मी सोडून दिला असता, टोमणा नाही सोडवत.

प्रश्न न विचारता? २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनसने मिनिक्स या शिकवण्यासाठी केलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे नेटवरच्या चर्चेच्या गटात, टाकलेला संदेश आजही जसाच्या तसा वाचायला मिळतो. त्याची विषयाची ओळच प्रश्न आहे: मिनिक्समध्ये तुम्हाला काय हवंय? आत लिहितो, मी ३८६ या इंटेलच्या चिपसाठी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, निव्वळ छंद म्हणून, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासारखं मोठं काही होणार नाही. सूचना करा, पण सगळ्या पाळीन असं नाही. त्याआधी जुलैत याच ठिकाणी त्याने पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठी ठरवलेल्या मानकाचे, नियम कुठे मिळतील म्हणून विचारलं होतं. म्हणजे हेलसिंकीतला हा पोरगाही सारखा विचारतच होता की!

‘एकट्याने’चा निकालही त्याच संदेशात लागतो. बॅश १.०८ (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) आणि जीसीसी १.४० (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर) यावर चालवून पाहिलेत, असं तो स्वतः सांगतो. हे दोन्ही रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातले, आणि तो प्रकल्प जाहीर झाला १९८३ मध्ये. कंपायलरच नसता तर हा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कशात शिजवला असता? हां, पहिल्या आवृत्तीच्या साधारण दहा हजार ओळी बहुतेक त्याच्याच हातच्या, मिनिक्समधली एकही ओळ न उचलता. तेवढं श्रेय द्यावंच लागेल.

नावाचं म्हणाल तर त्याला ‘फ्रीक्स’ हवं होतं. सर्व्हरवरच्या फोल्डरला ‘लिनक्स’ म्हटलं तो सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी. आणि पहिल्या परवान्यात वाटपाचे पैसे घ्यायला बंदी होती, अगदी हाताळणीखर्चसुद्धा नाही. जीपीएल हा वापरायची, बदलायची, पैसे घेऊनही वाटायची मोकळीक देणारा ग्नूचा परवाना आला १९९२ मध्ये.

राहता राहिला सभ्यपणा. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते, ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक टॅनेनबाम यांनी त्याच न्यूजग्रुपवर मथळाच दिला: ‘लिनक्स कालबाह्य आहे’. लिनसने उलट सुनावलं की प्राध्यापकी ही मिनिक्समधल्या दोषांसाठी बरी सबब आहे. नंतर भान आलं, माफीही मागितली. पण प्राध्यापकांनीही ऐकवलं होतंच: नशीब समज तू माझा विद्यार्थी नाहीस, असल्या रचनेला चांगले मार्क मिळाले नसते. शेवटी एक हसरा चेहरा होता, पण हे सगळं जगासमोर, चारचौघांत. भांडणं नव्हती, म्हणे!